रोजनिशी की जबानी?

मराठी वाङ्मयाच्या वर्गात ‘अनुभवाची अस्सलता’ हे शब्द किती वेळा उच्चारले जातात याची मोजदाद कोणी करीत नाही. कोणाला उद्देशून उच्चारले जातात, याची तर नाहीच नाही. आम्हीही केली नव्हती. २०२६च्या फेब्रुवारीत एका आंतरमहाविद्यालयीन लेखनस्पर्धेचे परीक्षक म्हणून बसावे लागले आणि त्या बैठकीत आम्ही जे केले त्याची टोचणी लागून राहिली, म्हणून हा लेख. लेखात ज्यांच्यावर टीका आहे त्यांत प्रस्तुत लेखक पहिला आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

स्पर्धेला विषय नव्हता. अट एकच होती, लेखन हाताने लिहिलेले हवे आणि मूळ प्रत पाठवायची. ती का, हे अलीकडच्या काळात सांगण्याची गरज नाही. आलेल्या लेखनांत मराठवाड्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीची रोजनिशी होती. मार्च २०२५ ते जानेवारी २०२६ या काळातल्या निवडक नोंदी, फुलस्केप पानांच्या एकाच बाजूवर, निळ्या शाईत. ती एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि त्याच गावात नानीकडे राहून शिकत होती. मुलगी मुसलमान आहे हे नावावरून कळत होते. परीक्षकांपुढे नावे झाकून लेखन ठेवण्याची पद्धत आपल्याकडे का नाही, हा प्रश्न आम्हांला त्या दिवशी प्रथमच पडला.

आम्ही तिघे होतो. आमच्यातले ज्येष्ठ परीक्षक पाने चाळून प्रथम उद्गारले ते असे : ‘‘किती शुद्ध मराठी लिहिते!’’ हे कौतुक होते, आणि कौतुक म्हणूनच आम्ही दोघांनी मान डोलावली. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहितात, शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा हलतात, हे सारे आम्ही वर्गात शिकविलेले आहे. तरी लातूर-परभणीकडची एक मुलगी, जी बालवाडीपासून मराठी फळ्यापुढे बसली, ती शुद्ध मराठी लिहिते याचे आम्हांला नवल वाटले. त्याच स्पर्धेतील दुसऱ्या एका लेखनात ऱ्हस्वदीर्घाची दाणादाण होती. त्याला ज्येष्ठांनी ‘बोलीचा गंध’ म्हटले. असो.

दुसऱ्या परीक्षक प्राध्यापिका. त्यांचा आक्षेप असा की सहरी, इफ्तार, तरावीह हे शब्द विनास्पष्टीकरण आले आहेत. तळटीपा हव्या होत्या. संकष्टी, अधिक मास, सोवळे यांना तळटीप दिलेली मराठी कथा आम्ही तरी पाहिलेली नाही. पण हाही मुद्दा किरकोळ. खरा निकाल लागला तो पुढच्या वाक्यावर, आणि ते वाक्य दुर्दैवाने आमचे होते. आम्ही म्हणालो, ‘‘सगळे छान आहे, पण यात तिची भूमिका कुठे आहे?’’

या ‘भूमिका’ नावाच्या प्रकरणाकडे नीट पाहिले पाहिजे. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला हादरा दिला, १९७८ साली ‘बलुतं’ आले, आणि समीक्षेला कबूल करावे लागले की सौंदर्याच्या तिच्या कसोट्या अपुऱ्या आहेत. भोगलेल्या अनुभवाचे मोल तिने मान्य केले. हे ऋण मोठे आहे आणि ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही. परंतु समीक्षेची खोड अशी की तिच्या हाती आलेली प्रत्येक किल्ली थोड्या दिवसांनी कुलूप होते. भोगलेला अनुभव सांगण्याचा जो हक्क होता, तो काही विशिष्ट लेखकांपुरता सांगण्याची सक्ती होऊन बसला. अमुक घरात जन्मलेल्याने अमुकच दुःख सांगावे. न सांगितल्यास तो पळपुटा. नाक्यावर जसा जकातीचा दस्तऐवज दाखवावा लागे, तसा या लेखकांनी पहिल्या पानावर वेदनेचा दस्तऐवज दाखवावा, मग आत जावे. लेखनाला जबानीचे स्वरूप येते ते असे. जबानीत प्रश्न विचारणाऱ्याचे असतात. जबाब देणाऱ्याने फक्त आपले तोंड पुरवायचे असते.

तुलनेसाठी दूर जायला नको. वैद्यकीच्या विद्यार्थिदशेवर व डॉक्टरी जगावर मराठीत उत्तम लिहिले गेले आहे. अरुण लिमये यांचे ‘क्लोरोफॉर्म’ घ्या, रवी बापट यांचे ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ घ्या, आनंद नाडकर्णी यांचे ‘गद्धेपंचविशी’ घ्या. ही पुस्तके आपण वाचली ती रुग्णालयासाठी, तिथल्या माणसांसाठी, तरुण वयातल्या फजितीसाठी, काही ठिकाणी व्यवसायातल्या किडीसाठी. ‘लेखक आपल्या धर्मसमाजाविषयी मौन का बाळगतो’ असा प्रश्न कोणा परीक्षणकर्त्याने केल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि कोणी केला असता तर त्याला आपण वेड्यात काढले असते. आमच्या त्याच स्पर्धेत वसतिगृहातली खानावळ व एक फसलेले प्रेम यांवर एका मुलाने खुसखुशीत लिहिले होते. त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. शेऱ्यात आम्ही ‘निरागसता’ हा शब्द वापरला आहे. निरागस असण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे त्या गुणपत्रकावर आमच्याच अक्षरात लिहिलेले आहे.

आता त्या पानांत होते काय, ते सांगितले पाहिजे.

सर्वांत लांब नोंदी मार्चातल्या आहेत. रमजानचा महिना, आणि नानीला मधुमेह. नानी दिवसातून तीनदा मेटफॉर्मिन घेते. रोजा धरल्यावर दुपारची गोळी कुठे जाणार? मुलगी औषधशास्त्राच्या सरांना विचारते. ते सांगतात, एकूण मात्रेचा एक तृतीयांश सहरीला, दोन तृतीयांश इफ्तारला. दुसरी अडचण बोट टोचून साखर पाहण्याची. रक्त निघाले म्हणजे रोजा तुटला, अशी नानीची समजूत. मुलगी मशिदीतल्या मौलानांकडे निरोप पाठवते. त्यांचे उत्तर येते की तपासणीच्या थेंबाने रोजा तुटत नाही, आणि आजाऱ्याला तर मुळात सूट आहे. सर आणि मौलाना यांचे एकमत झाले म्हणून ती खुशीत घरी येते तर नानी म्हणते, ‘‘डॉक्टरीण होतेस म्हणून अल्लाशी भाव करू नकोस.’’ शेवटी दोघींत तह होतो. साखर सत्तरच्या खाली गेली तर रोजा सोडायचा. मग हुज्जत नाही. अठरा दिवस तह टिकतो. एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराला यंत्र अडुसष्ट दाखवते. मुलगी खजूर पुढे करते. नानी खाते, आणि पुढचे दोन दिवस नातीशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणते, ‘‘माझा रोजा तू मोडलास.’’ नोंदीचा शेवट असा आहे : मी मोडला की सत्तर या आकड्याने मोडला, ते मला ठरवता आले नाही. यंत्राची चूक दोन-चार आकड्यांची असू शकते, हे मी नानीला सांगितलेले नाही.

हे वाचून आम्ही तिघांनी काय टिपले? प्राध्यापिका म्हणाल्या, ‘‘घरगुती आहे.’’ ज्येष्ठ म्हणाले, ‘‘संघर्ष नाही.’’ आम्ही काही म्हणालो नाही. आम्ही पुढचे पान उलटीत होतो, कारण पुढे कुठे तरी ‘मुस्लिम वास्तव’ येईल अशी आमची खात्री होती.

एका डॉक्टरीण होऊ घातलेल्या मुलीपुढे ज्ञान, श्रद्धा आणि माया ही तिन्ही एका खजुरात येऊन उभी राहतात, आणि त्यांतले कोणतेही खोटे नसते. मोजमापाच्या यंत्राला चुकीची कक्षा असते, हे वैद्यकशास्त्रच तिला शिकवते. ती कक्षा लपविणे हा वैद्याचा धर्म की नातीचा अपराध? आम्हांला संघर्ष दिसला नाही, कारण तो आम्ही पाठ केलेल्या यादीत नव्हता. यादीत तलाक आहे, बुरखा आहे, दंगल आहे, मोहल्ला आहे. ग्लुकोमीटर नाही.

दुसरी नोंद पहिल्या वर्षाची आठवण सांगणारी. शवविच्छेदनाच्या दालनात टेबलावर बेवारस पुरुषाचा देह. मुंबई इलाख्याच्या १९४९च्या शरीरशास्त्र कायद्यान्वये बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपविता येतात. म्हणजे त्या माणसाचे नाव नाही, गाव नाही, धर्मही नाही. पहिल्या दिवशी सर्वांनी देहाप्रति आदराची शपथ घेतली. शेजारच्या मैत्रिणीने हात जोडले. हिच्या ओठांवर मृत्यूची वार्ता ऐकल्यावर म्हणायचे शब्द आले आणि मग शंका आली, याच्यासाठी ते म्हणावेत का. याला ते चालले असते का? शंका फिटायच्या आत दोघी दंडातल्या कोराकोब्रॅकिॲलिस स्नायूला भेदून जाणारी नस शोधू लागल्या. ती सापडल्यावर, ती लिहिते, आम्हां दोघींना इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली.

या वाक्यापुढे ज्येष्ठांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. त्यांचे म्हणणे, अशा जागी मुसलमान विद्यार्थिनीने इब्न सीनाचा उल्लेख करायला हवा होता. परंपरेशी नाते जोडले गेले असते! इब्न सीना थोर, त्याचा ‘कानून’ युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकविला गेला हेही खरे. पण नस शोधणाऱ्या हिंदू मुलीने सुश्रुताची आठवण काढली नाही म्हणून तिचे गुण कापावेत, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नसते.

बातम्यांविषयी ती लिहीतच नाही, हा मुख्य आरोप होता. तो चुकीचा आहे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ मोटारीचा स्फोट होऊन माणसे मारली गेली, आणि तपासात काही डॉक्टरांची नावे पुढे आली. त्या आठवड्यात तिच्या एकाच दिवसाची नोंद आहे आणि ती चार ओळींची आहे. वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवरच्या बाबांचा केस पेपर लिहिला. त्यांनी नाव विचारले, सांगितले. जेवायच्या सुटीत लक्षात आले की एप्रनवरची नावाची पाटी खिशाच्या आत गेलेली आहे. केव्हा गेली, कोणी घातली, आठवत नाही. बाहेर काढून लावली, कारण पाटी दिसली पाहिजे असा नियम आहे.

आम्ही यावर ‘बातमीला बगल दिली’ असा शेरा मारला. आता वाटते, पाटी खिशात कोणी घातली हे तिलाच आठवत नाही, या वाक्याइतके त्या आठवड्याविषयी नेमके मराठीत कोणी लिहिले असेल असे नाही. तिथे निषेध नाही, खुलासा नाही, ‘आम्ही तसे नाही’ची विनवणी नाही. तिची भूमिका त्या हातात आहे, जो आपसूक खिशाकडे गेला आणि मग नियम आठवून परत आला.

तसेच कटऱ्याचे. तेथील माता वैष्णोदेवी संस्थानाच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयात पन्नास जागा होत्या, नीटच्या गुणवत्तेने त्यांतल्या बेचाळीसांवर मुस्लिम विद्यार्थी आले, त्यांचे प्रवेश रद्द करा म्हणून आंदोलन झाले, आणि जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सुविधांतील व अध्यापकवर्गातील उणिवांचे कारण देऊन महाविद्यालयाची परवानगीच काढून घेतली; मुलांना जम्मू-काश्मीरच्या इतर महाविद्यालयांत सामावून घेण्याचे ठरले. हिची त्या दिवशीची नोंद : पहिल्या वर्षात सीनियरकडून हाडांचा संच विकत घ्यावा लागतो. तिथे सीनियर कोणी नव्हतेच, म्हणजे नवे संच घेतले असणार. आता ते संच गाडीत घालून कुठे नेतील? कवटी नीट गुंडाळावी लागते.

पन्नास मुलांची पन्नास कवट्या सांभाळीत निघालेली रांग आम्हांला तेव्हा दिसली नाही. आम्ही ‘जातीय राजकारणाचे विश्लेषण’ शोधीत होतो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. काळ इतका कठीण असता, खासगी नोंदींत रमणे हे पलायन नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीतूनही येतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते आमच्यासारख्यांच्या आंधळेपणावरचा उतारा म्हणूनच. त्या पिढीने समाजाचे दुःख वेशीवर टांगले नसते तर कोणीच टांगले नसते. पण जे आता न्यायालयाच्या कागदावर आहे, ते पुन्हा सिद्ध करण्याचे ओझे विशीतल्या मुलीवर का? बैठकीत विचारले गेले, ‘‘करोनाच्या काळात हिने काय भोगले, ते नाही लिहिले?’’ तबलिगी जमातीला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे निकालपत्रात नोंदविले. ते निकालपत्र उपलब्ध आहे. वाचायचे असेल त्याने वाचावे. तेव्हा शाळकरी असलेल्या मुलीकडून त्याची पुरवणी मागण्यात जिज्ञासा कमी आणि आपल्या सहानुभूतीला खुराक मिळावा ही भूक अधिक आहे.

प्रश्नाचे जबानीत रूपांतर करण्याची ही सवय केवळ वाङ्मयाच्या मास्तरांची नाही. जून २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सात विद्यार्थिनींनी प्राचार्यांना पत्र लिहिले : शस्त्रक्रियागृहात लांब बाह्यांचे जॅकेट व डोके झाकणारे हूड वापरता येईल काय? प्रश्न बाह्यांचा होता. आमचे मत विचाराल तर शस्त्रक्रियागृहात रुग्णाची जखम आधी, कोपरापर्यंत हात धुणे आधी, बाकी सर्व नंतर. पण उत्तर तांत्रिक आहे, आणि ते इतरत्र शोधले गेले आहे. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम कायम ठेवून २०१० मध्ये एकदाच वापरून टाकायच्या बाह्यांना वाव दिला. आपल्याकडे मात्र पत्र बाहेर फुटताच वाद इस्लाम, स्त्रीमुक्ती आणि राष्ट्र यांवर गेला. सात मुलींनी कापड विचारले. त्यांच्याकडून मागितला गेला तो जबाब.

आणि दलवाई. हे नाव निघाल्यावाचून अशी बैठक संपत नाही. ‘‘हमीद दलवाई वाचले असते तर हिने असे लिहिले नसते,’’ असे प्राध्यापिका म्हणाल्या. १९६६ साली सात स्त्रियांना घेऊन मोर्चा नेणारे आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे दलवाई धैर्याचे पुरुष होते, यात वादच नाही. पण ते ‘लाट’मधल्या कथांचे आणि १९६५ साली आलेल्या ‘इंधन’चेही लेखक होते. कोकणातल्या एका गावातली माणसे, त्यांचे हेवेदावे, घरी परतलेल्या माणसाचा एकटेपणा हे त्यांनी कथाकाराच्या डोळ्यांनी पाहिले. मराठी वाचकाने त्यांच्यातला सुधारक वजनाच्या मापासारखा जपून ठेवला, पुढच्या प्रत्येक मुसलमान लेखकाला त्या मापाने तोलण्यासाठी. त्यांच्यातला कथाकार मात्र अडगळीत टाकला. दलवाईंच्या कथा खरोखर वाचल्या असत्या तर ही रोजनिशी कशी वाचावी, ते आम्हांलाच कळले असते.

निकाल लागला तो लागला. तिच्या लेखनाला उत्तेजनार्थही काही मिळाले नाही. शेरा तिघांच्या सहीने गेला : ‘निरीक्षण चांगले. लेखिकेने अधिक धीट व्हावे व आपल्या समाजाविषयी लिहावे.’ सह्यांत शेवटची आमची आहे.

चार दिवसांनी तिचे उत्तर आयोजकांकडे आले. शेऱ्याविषयी त्यात चकार शब्द नव्हता. १९ फेब्रुवारीच्या सुमारास रमजान सुरू होईल, तेव्हा मूळ पाने त्यापूर्वी परत मिळावीत, अशी विनंती होती. घरात दुसरा कागद नव्हता म्हणून नानीच्या गेल्या वर्षीच्या साखरेच्या नोंदी तिने त्याच पानांच्या मागे केल्या आहेत, आणि या वर्षीची मात्रा ठरवायला सरांना त्या दाखवाव्या लागतील.

आम्ही पाने उलटून पाहिली. तारीख, वेळ, आकडा. तारीख, वेळ, आकडा. एकोणिसाव्या रोज्याच्या ओळीत अडुसष्टच्या भोवती वर्तुळ होते आणि पुढच्या दोन दिवसांच्या रकान्यांत आकडे नव्हते. पाने त्याच दिवशी टपालाने रवाना केली.